संकोच : दोन्ही भाषांतला एकच शब्द

या सदरात मधुमेहावर लिहून झाले, गुडघेदुखीवर झाले, बाळंतिणीच्या आहारावरही झाले. आजचा विषय कुटुंबाच्या पानावर घ्यावा की नाही, असा प्रश्न संपादकांना पडला होता आणि मलाही. पुरुषाच्या लिंगाला येणारा बाक, त्याच्याबरोबर जगणे आणि त्यावर उपचार घ्यायचे की नाही हे ठरवणे, असा हा विषय आहे. नवरा-बायकोच्या खोलीत जे अडते त्याची कुरकुर स्वयंपाकघरापर्यंत येतेच. म्हणून हा लेख याच पानावर असावा, असे शेवटी ठरले. सौ.ने तो आधी वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला आणि मगच तो छापायला गेला.

आजार माझाच आहे, तेव्हा आडवळणाने कशाला सांगू? चव्वेचाळिसावे वर्ष चालू असताना ताठरतेच्या वेळी दुखायला लागले. पंधरा-वीस दिवसांनी वरच्या बाजूला कातडीखाली चिंचोक्याएवढा कठीण भाग हाताला लागला. दोन-तीन महिन्यांत बाक दिसू लागला, वरच्या बाजूला आणि थोडा डावीकडे. एरवी काही कळत नसे, ताठरतेच्या वेळीच दिसे. गाठ म्हटल्यावर आपल्याकडे माणसाच्या मनात पहिला शब्द कोणता येतो, ते सांगायला नको. माझ्याही मनात तोच आला. रात्री झोप लागेना. वर्गात शिकवताना मध्येच वाक्य तुटायचे.

हा कॅन्सर नव्हता. या आजाराला पेरोनीचा आजार म्हणतात. फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाचे शल्यवैद्य फ्रान्स्वा द ला पेरोनी यांनी १७४३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. म्हणजे पानिपताच्याही अठरा वर्षे आधी वैद्यांना तो चांगला ठाऊक होता. वेगवेगळ्या पाहण्यांत शंभर पुरुषांत तिघांपासून नऊ जणांपर्यंत तो आढळला आहे आणि पन्नाशीच्या आसपास त्याचे प्रमाण वाढते. खानापूरच्या एस. टी. स्टँडवर सकाळच्या बेळगाव गाडीची वाट पाहत शंभर बाप्ये उभे असतील, तर त्यांत निदान दोन-चार जण तरी माझ्यासारखे असणार. फक्त ते एकमेकांना ठाऊक नसतात.

बाक येतो कसा, हे सायकलच्या ट्यूबवरून चटकन कळते. ट्यूब टायरबाहेर काढून हवा भरली, तर जिथे पंक्चरचे ठिगळ आहे तिथे रबर ताणले जात नाही आणि ट्यूब त्या बाजूला वळते. लिंगात रक्ताने भरणाऱ्या दोन नळ्या असतात. त्यांच्याभोवती मजबूत पण ताणली जाणारी अशी एक पांढरी वेष्टणी असते. तिला कधी तरी बारीक इजा होते. बहुधा संबंधाच्या वेळी अवघडल्यामुळे होते आणि पुष्कळांना ती आठवतही नाही. ती इजा भरून येताना काही जणांच्या शरीरात वण गरजेपेक्षा जाड आणि ताठ बनतो. तेच ते ठिगळ. बाक त्या ठिगळाच्या बाजूला येतो.

सगळ्यांनाच असे का होत नाही? यात थोडा भाग घराण्याचा असतो. काही जणांच्या तळहातातला पडदा जाड होऊन करंगळी आणि तिच्याजवळचे बोट आत वळते. त्या माणसांत हा आजार जास्त दिसतो. आमच्या चुलत्यांची करंगळी तशीच वळलेली होती. घरात सगळे ‘शीर आखडली’ म्हणायचे आणि विषय संपायचा. मधुमेह असणाऱ्यांतही याचे प्रमाण जास्त असते. हा संसर्गाचा आजार नाही, तो बायकोला होत नाही. तारुण्यातल्या हस्तमैथुनाची ही शिक्षा नाही आणि कुणाच्या शापाशीही त्याचा संबंध नाही. हे वाक्य मुद्दाम लिहिले आहे, कारण माझ्यासारख्या एम. ए. झालेल्या माणसाच्या डोक्यातही रात्री दोन वाजता असले विचार येऊन जातात.

एक गोष्ट वेगळी काढून सांगितली पाहिजे. काही मुलांना बाक जन्मापासूनच असतो, बहुधा खालच्या बाजूला. तिथे गाठ नसते, दुखणे नसते. वयात आल्यावर तो लक्षात येतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. थोडासा बाक तर अनेक निरोगी पुरुषांना असतो. लग्न ठरलेला मुलगा उगाच त्याची धास्ती घेऊन बसतो. संबंध नीट होऊ शकत असतील तर तो आजारच नाही. लहान बाळाचे लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल आणि बाक असेल, तर मात्र त्याला मुलांच्या शल्यतज्ज्ञाकडे न्यावे. ती शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करणे चांगले मानतात. आजीबाई ‘मोठा झाला की होईल सरळ’ म्हणाल्या, तरी न्यावे.

आता बोलण्याचा प्रश्न. आमच्या घरात दोन भाषा चालतात. सौ.चे माहेर बैलहोंगलकडचे. ती मुलांशी कन्नडात बोलते, मी मराठीत आणि भांडण दोन्हींत होते. पण या दुखण्याला आमच्याकडे एकाही भाषेत शब्द नव्हता. मराठीतला ‘शिश्न’ पुस्तकातला, कन्नडातलाही शिश्न तसाच पुस्तकातला. ताठरतेला पुस्तकी कन्नडात निमिरुविके म्हणतात, तो शब्द सौ.नेही शाळेनंतर कधी वापरला नव्हता. दोन्ही भाषांत सारखाच आणि रोजच्या वापरातला असा एकच शब्द सापडला. संकोच. मराठीतही संकोच, कन्नडातही संकोच. त्याचा मूळ अर्थ आखडणे, आकसणे. वणाने वेष्टणी आखडते आणि लाजेने माणूस आखडतो. माझ्या बाबतीत दुसरे आखडणे पहिल्यापेक्षा जास्त त्रासाचे ठरत होते. सौ. जवळ आली की मी उद्याच्या तासाची तयारी आहे म्हणून उठायचो. तिला वाटले, हिच्यातलेच काही तरी यांना आवडेनासे झाले. चार महिने घरात दोघेही गप्प आणि दोघांच्या गप्प राहण्याची कारणे वेगवेगळी.

शेवटी तिनेच विचारले. मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “नाचिके याके री? दुखतंय तर दाखवायला नको काय?” लाज कशाला हो, एवढेच. तिच्या स्वरात कीव नव्हती, म्हणून मला पुढचे बोलता आले.

मराठी माणसाने या बाबतीत वाचा नसल्याची तक्रार करू नये. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचक आपल्या लैंगिक अडचणी कळवत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. अशा उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे हरले, त्यांना दोनशे रुपये दंड झाला, पण उत्तरे द्यायची त्यांनी थांबवली नाहीत. मुंबईत डॉ. महिंदर वत्स यांनी ऐंशी ओलांडल्यावर, २००५ मध्ये, इंग्रजी दैनिकात असेच प्रश्नोत्तरांचे सदर सुरू केले. ते २०२० मध्ये गेले, तेव्हा त्यांचे वय शहाण्णव होते. विचारण्यात कमीपणा नाही, हे या दोघांनी आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे.

आपण मात्र विचारतो भिंतीला. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर, मुतारीत, एस. टी. स्टँडच्या मागे ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ असे रंगवलेले असते. तेल, लेप, चूर्ण, एका महिन्यात सरळ. एका ओळखीच्या माणसाने असल्या तेलावर आणि पुड्यांवर चांगले पैसे घालवले आणि ते कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तक्रारही केली नाही. या धंद्याचा सगळा जीव गिऱ्हाइकाच्या गप्प राहण्यात आहे. तेल चोळून वेष्टणीतला वण विरघळत नाही. आणि हाताने जोर लावून सरळ करायला जाणे तर धोक्याचे. त्याने नवी इजा होते आणि नवा वण.

मी बेळगावला गेलो. खानापूरहून सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. पण केस पेपरवर तक्रार लिहिताना तो प्रवास फार लांबचा वाटला. या तक्रारीचे डॉक्टर म्हणजे युरॉलॉजिस्ट, मूतखड्यासाठी आपण ज्यांच्याकडे जातो तेच. बाकड्यावर बसलेल्या कुणालाही वाटते की याला खडा झाला आहे. ज्यांना लोकांच्या नजरेची भीती वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. डॉक्टर कन्नड बोलणारे. “नोवु ऐतेन्री?” त्यांनी विचारले, दुखते का. मी कन्नडात सुरुवात केली, अवघड ठिकाणी आपोआप मराठीवर आलो आणि तेही मराठीवर आले. आपल्या भागात हे एक बरे आहे. एका भाषेत अडले की दुसरी हाताशी असते.

त्यांनी जे विचारले ते लिहून ठेवतो, म्हणजे जाणाऱ्याची तयारी होईल. कधीपासून आहे? दुखणे वाढते आहे, कमी होते आहे की थांबले? बाक गेल्या तीन महिन्यांत बदलला का? ताठरता पुरेशी येते का? संबंध करता येतो का, बायकोला दुखते का? साखर तपासली आहे का? घरी ताठरतेच्या वेळचा फोटो काढून आणायला सांगतात, कारण तपासणीच्या टेबलावर बाक दिसत नाही. मोबाइलवरचा तो फोटो दाखवून झाला की पुसून टाकावा, हा सौ.चा सल्ला. गरज पडली तर इंजेक्शनने ताठरता आणून सोनोग्राफी करतात. माझी साखर तपासली आणि मधुमेह निघाला. म्हणजे या बाकाने मला एका मोठ्या दुखण्याची वर्दी वेळेत दिली, असेही म्हणता येईल.

आजाराचे दोन टप्पे असतात, हे मला तिथे कळले. पहिल्यात दुखते आणि बाक बदलत राहतो. हा टप्पा काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष चालतो. दुसऱ्यात दुखणे बहुतेकांचे थांबते आणि बाक जिथे आहे तिथे ठरतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काहीही उपचार न घेतलेल्या पुरुषांकडे वर्ष-दीड वर्षानंतर पाहिले, तेव्हा शंभरातल्या सुमारे १२ जणांचा बाक कमी झाला होता, ४० जणांचा तसाच होता आणि ४८ जणांचा वाढला होता. आपोआप जाईल म्हणून बसण्यात अर्थ नाही, तसेच सगळे संपले म्हणून रडण्यातही नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

उपचारांचे बोलायचे तर ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या पूर्वी सर्रास देत. त्यांनी बाक कमी होतो असे सिद्ध झालेले नाही आणि अमेरिकन युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१५ साली त्या देऊ नयेत असेच सांगितले. बाहेरून धक्कालहरी देणाऱ्या यंत्राने दुखणे कमी होऊ शकते, बाक नाही. गाठीत इंजेक्शने देतात. त्यातल्या कोलॅजिनेज नावाच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्याने सरासरीने बाक काही अंशांनी उतरतो, पूर्ण जात नाही, आणि क्वचित वेष्टणी फाटण्याचा धोका असतो. रोज काही काळ हळू ताण देणारे उपकरण वापरून काहींना फायदा होतो, पण त्याला महिने लागतात आणि चिकाटी लागते.

बाक सरळ करण्याचा सगळ्यांत खात्रीचा उपाय शस्त्रक्रिया. वणाच्या विरुद्ध बाजूची वेष्टणी टाके घालून किंवा थोडी कापून आखूड करतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. शिंपी एका बाजूला चुण्या घालून कापड सरळ बसवतो, तसेच. याची एक पद्धत डॉ. नेस्बिट यांनी १९६५ साली मांडली. हिची किंमत म्हणजे लांबी थोडी कमी होते. बाक फार असेल तर वण कापून तिथे ठिगळ लावतात. त्यात लांबी टिकते, पण ताठरता कमी होण्याची शक्यता वाढते. ताठरताच येत नसेल तर आत कृत्रिम दांडी बसवतात. कोणतीही शस्त्रक्रिया बाक ठरल्यावरच करतात, नाही तर आज सरळ केलेले उद्या पुन्हा वळायचे. काही दिवस बधिरपणा राहू शकतो, थोडा बाक परत येऊ शकतो, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितले.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी बसून ठरवले. माझा बाक तीस अंशांच्या आत, आठ महिने न बदललेला. दुखणे थांबलेले. ताठरता येते. प्रश्न तीनच होते. संबंधात अडचण येते का? दोघांपैकी कुणाला दुखते का? आणि रोजच्या मनावर त्याचा भार आहे का? पहिल्याचे उत्तर, थोडी येते, पण जरा पद्धत बदलली की येत नाही. दुसऱ्याचे, नाही. तिसऱ्यावर मी बराच वेळ गप्प होतो. भार होता. पुरुषाचे शरीर बदलले की त्याला आपण कमी झालो असे वाटते आणि या आजाराच्या रुग्णांत उदासी पुष्कळ आढळते, असे अभ्यास सांगतात. सौ. म्हणाली, “तुमचा भार माझ्यासाठी असेल तर तो उतरवून ठेवा. माझी काही तक्रार नाही. तुमच्या स्वतःसाठी असेल तर ऑपरेशन करू या, मी बँकेत बोलते.”

मी दोन रात्री विचार केला. भार बराचसा तिच्या मनात काय असेल याचाच होता आणि तो बोलण्याने उतरला. थोडा उरला आहे, तो मी सांभाळू शकतो. शस्त्रक्रिया तूर्त नाही, साखर काबूत ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचे, असे ठरले. बाक वाढला किंवा अडचण आली तर पुन्हा विचार करू.

हे आमचे उत्तर झाले. दुसऱ्याचे वेगळे असू शकते आणि ते तितकेच बरोबर असेल. साठ अंशांचा बाक असेल, संबंध होतच नसेल, तर त्या माणसाने शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे संयम नव्हे. पन्नाशी उलटली, आता काय करायचे असे म्हणणारे सोयरे भेटतील. पण हे ठरवण्याचा अधिकार त्या दोघांचा, सोयऱ्यांचा नाही. आणि बायकोचे मत विचारायचे म्हणजे तिची परवानगी घेण्यापुरते विचारायचे नाही. तिलाही दुखत असेल, तिलाही काही हवे असेल, हे आधी विचारायचे. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत हा प्रश्न बायकोला कधी विचारलाच गेला नाही. तिला वाटत राहिले, यांचे मन बाहेर आहे.

काही गोष्टींत मात्र थांबू नये. संबंधाच्या वेळी कट्‌ असा आवाज होऊन ताठरता एकदम गेली, सूज आली, काळेनिळे झाले, तर रात्रीची वेळ असली तरी लगेच दवाखाना गाठावा. वेष्टणी फाटलेली असते आणि लवकर शिवली तर पुढचा बाक टळू शकतो. नवी गाठ, नवे दुखणे, नवा बाक, यांतले काहीही असेल तर महिन्याच्या आत दाखवावे. गाठ कुठलीही असो, ती काय आहे हे डॉक्टरनेच सांगितले पाहिजे. बेळगावात केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात युरॉलॉजीचा विभाग आहे. ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांनी बिम्सच्या सरकारी रुग्णालयात सर्जनच्या ओपीडीपासून सुरुवात करावी. निपाणीकडच्या मंडळींना कोल्हापूर जवळ पडते.

सोमवारी कॉलेजात काही जण हसतील, हे मला ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये मी शिरलो की बोलणे थांबेल. मुलेही वाचतील. वाचू देत. त्यांच्यातल्या एखाद्याला आज नाही तर वीस वर्षांनी हे उपयोगी पडेल. आणि हसणाऱ्यांतला एखादा दोन दिवसांनी बाजूला घेऊन हळूच विचारेल, सर, त्या डॉक्टरांची वेळ काय असते? त्याला वेळ सांगायची आणि जमले तर सोबत जायचे, एवढे माझे ठरलेले आहे.